अंतःकरण तयार करायचं म्हणजे नेमकं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पत्रातून विचारणारे गृहस्थ बरीच वर्षं ख्रिस्ती विश्वासात आहेत. एक जुनी सवय सुटत नाही. दर वेळी रडतात, देवापुढे कबूल करतात, यापुढे नाही म्हणतात आणि महिन्याभरात पुन्हा तिथेच येतात. कुणीतरी त्यांना सांगितलं, "देवाला शोधायचं तर आधी पश्चात्तापाने अंतःकरण तयार करा." त्यावर त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात. तयार करायचं म्हणजे काय करायचं? ते होईपर्यंत प्रार्थना करायची की थांबायचं? आणि येत्या रविवारी मंडळीत प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याचा विधी) घ्यावं का? पत्राच्या मध्यावर कंसात एक ओळ आहे: (मोठ्या भावाशी पैशांच्या व्यवहारात एकदा खोटं बोललो होतो, पण ते आता जुनं झालं). त्या ओळीबद्दल त्यांनी काही विचारलेलं नाही. मी मात्र बोलणार आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण ते लहान आहे. थांबू नका. का, ते पुढे येईल.

आता "पश्चात्ताप" हा शब्द. पश्चात् म्हणजे नंतर, ताप म्हणजे पोळणं. करून झाल्यावर आत होणारी आग. शब्द खोटा नाही, पण तोकडा आहे, आणि मंडळीतल्या लोकांचा बराचसा गोंधळ या तोकडेपणातून येतो असं माझं मत आहे. आपण आग मोजत बसतो. किती रडलो, किती जळलो, पुरेसं जळलो का. बायबलच्या जुन्या करारात देव लोकांना परत बोलावतो तेव्हा बहुतेक ठिकाणी हिब्रू क्रियापद येतं "शूव". अर्थ साधा: वळणे, माघारी येणे. माणूस वाटेवरून घरी परतला तरी हाच शब्द. नव्या करारातला ग्रीक शब्द "मेटानोइया", म्हणजे मनाचा पालट. दोन्हींत ताप नाही. ताप येतो, पुष्कळदा येतोच. पण विस्तवाचा चटका बसल्यावर हात मागे घ्यायचा असतो. हात तिथेच ठेवून कळवळत राहणाऱ्याला चटका कमी बसला असं कुणी म्हणणार नाही, पण त्याचा उपयोग काय झाला?

"अंतःकरण तयार करणे" हे बोलणंही शास्त्रातूनच आलं आहे. जुन्या करारातल्या दुसऱ्या इतिहासाच्या 12व्या अध्यायात शलमोनाचा मुलगा रहबाम राजा याचा हिशेब एका ओळीत मिटवला आहे: त्याने वाईट केलं, कारण परमेश्वराला शोधण्याकडे त्याने मन लावलं नाही. ही ओळ मी कितीतरी वर्षं वाचून पुढे जात असे. वाईट राजा, वाईट शेवट. एकदा उपदेशाच्या तयारीत तो अध्याय पहिल्यापासून सावकाश वाचला आणि थबकलो. या ओळीच्या आठच वचनं आधी रहबामाने पश्चात्ताप केलेला आहे!

झालं असं. मिसरचा (इजिप्तचा) राजा शिशक 1,200 रथ आणि 60,000 स्वार घेऊन यरुशलेमेवर चालून आला. शमाया संदेष्टा म्हणाला, तुम्ही देवाला सोडलंत म्हणून देवाने तुम्हाला शिशकाच्या हाती सोडलंय. राजा आणि त्याचे सरदार नमले. "परमेश्वर न्यायी आहे," म्हणाले. आणि देवाने ते नमणं खरं धरलं, त्यांचा समूळ नाश केला नाही. म्हणजे ते नाटक नव्हतं. देवाने मान्य केलेल्या नम्रतेला ढोंग म्हणणारे आपण कोण? ही गोष्ट राज्याच्या पाचव्या वर्षाची. रहबामाने एकूण 17 वर्षं राज्य केलं. त्या दिवसानंतर 12 वर्षं उरली होती, आणि शेवटचा शेरा तरीही तोच: मन लावलं नाही.

मधे एक तपशील आहे, तो मला फार बोचतो. शिशकाने शलमोनाच्या सोन्याच्या ढाली लुटून नेल्या. रहबामाने त्यांच्या जागी पितळेच्या करून घेतल्या. राजा परमेश्वराच्या मंदिरात जायचा तेव्हा पहारेकरी त्या धरून चालायचे आणि नंतर आपल्या खोलीत नेऊन ठेवायचे. मंदिरात जाणं थांबलं नाही, मिरवणूक थांबली नाही, लांबून चकाकीही तीच. फक्त धातू बदलला. पितळ उघडं पडतं म्हणतात. रहबामाचं पितळ उघडं पडलंच नाही, ते रीतसर बाहेर काढलं जात होतं आणि रीतसर आत ठेवलं जात होतं. मी स्वतः अशी पितळी वर्षं काढली आहेत. त्याबद्दल पुढे सांगेन.

मग त्याचं बिघडलं कुठे? "मन लावणे" किंवा "तयार करणे" असं आपण ज्याचं भाषांतर करतो ते हिब्रू क्रियापद "हेखीन". मुळात त्याचा अर्थ पक्कं बसवणं, हलणार नाही असं रोवणं. देव दाविदाच्या वंशाचं सिंहासन स्थिर करीन म्हणतो तिथे याच धातूचं रूप आहे. 57व्या स्तोत्रात "माझं मन स्थिर आहे" म्हटलंय तिथेही हाच धातू. रहबाम वाकला, पण रोवला गेला नाही. संकटाच्या वजनाने वेत वाकतो आणि वजन काढलं की आपसूक सरळ होतो. शिशक निघून गेला.

तुमचं महिन्याभराचं चक्र मला असंच दिसतं, रागावू नका. पडल्यावरची लाज हा तुमचा शिशक. ती असते तोवर तुम्ही नमलेले असता. तीन आठवड्यांत लाज ओसरते आणि ज्याच्या जोरावर वाकला होतात तेच उरत नाही. तुमचं रडणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. रडण्याच्या काळात तुम्ही काहीच रोवत नाही, एवढंच म्हणतोय.

आता त्याच पुस्तकाचा 30वा अध्याय उघडा, म्हणजे थांबू नका असं का म्हणालो ते कळेल. हिज्कीया राजाने पुष्कळ वर्षांनी साऱ्या इस्राएलाला वल्हांडणासाठी, म्हणजे मिसरातून झालेल्या सुटकेच्या सणासाठी, बोलावलं. उत्तरेकडच्या गावांत त्याच्या जासुदांची टिंगल झाली, तरी एफ्राईम, मनश्शे, इस्साखार, जबुलून इथून काही लोक आलेच. त्यातल्या बहुतेकांनी शुद्धीकरण केलेलं नव्हतं. सण आधीच एक महिना पुढे ढकलला होता, दुसऱ्या महिन्याच्या 14व्या दिवशी. तरीही ते तयार नव्हते. आणि त्यांनी तसंच खाल्लं. हा सरळसरळ नियमभंग होता, लेखक तो लपवत नाही. तेव्हा हिज्कीयाने प्रार्थना केली: जो कोणी परमेश्वराला शोधायला मन लावतो त्याला दयाळू परमेश्वर क्षमा करो, मग तो पवित्रस्थानाच्या शुद्धीच्या नियमाप्रमाणे शुद्ध नसला तरी. आणि परमेश्वराने हिज्कीयाचं ऐकून लोकांना बरं केलं.

दोन्ही ठिकाणी शब्द तोच आहे, मन लावणं. रहबामाकडे विधी होता, मिरवणूक होती, एकदा नमल्याची नोंदही होती. मन रोवलेलं नव्हतं. उत्तरेच्या त्या लोकांकडे नियमाप्रमाणे जे हवं ते काहीच नव्हतं. मन त्या दिशेला लागलेलं होतं. तुम्ही "तयार" याचा अर्थ "स्वच्छ" असा घेतलाय. स्वच्छ झालो की देवाकडे जाईन. शास्त्रात तयार म्हणजे दिशा पक्की झालेला. चिखलाच्या पायांनीही माणूस योग्य वाटेवर असू शकतो, आणि पाय धुतलेला माणूस ओट्यावरून न हलताही बसू शकतो. (यहोशाफाट राजाबद्दलही 19व्या अध्यायात हेच आहे. दुष्ट राजा अहाब याला मदत केली म्हणून त्याची खरडपट्टी काढली जाते, आणि त्याच दमात म्हटलं जातं की तू देवाला शोधायला मन लावलंस. रोवलेलं मन म्हणजे निर्दोष मन नव्हे.)

मग रोवायचं कसं? इथे मला आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही हेही स्वतःच्या मनगटावर करायला जाल. हेच क्रियापद 10व्या स्तोत्रात येतं आणि तिथे कर्ता देव आहे: दीनांचं मन तूच स्थिर करतोस. पहिल्या इतिहासाच्या 29व्या अध्यायात म्हातारा दावीद लोकांसाठी मागतो, त्यांची मनं तुझ्याकडे लाव. म्हणजे ज्या गोष्टीची आज्ञा आहे तीच गोष्ट मागायचीही आहे. दोन्ही एकदम कसं, यावर धर्मशास्त्राचे जाड ग्रंथ आहेत. माझ्या कामात मला एवढंच पुरलं आहे की मागणारा माणूस वळायला लागलेलाच असतो. "मला वळावंसं वाटत नाही, तू वळव" ही प्रार्थना माझ्यासमोर बसून लोकांनी केली आहे आणि ती मला पुष्कळ रडण्यांपेक्षा प्रामाणिक वाटली आहे.

होशेय संदेष्ट्याने याला शेतीचा शब्द दिला. पडीक जमीन नांगरा, कारण परमेश्वराला शोधायची वेळ झाली आहे, तो येऊन तुमच्यावर नीतिमत्त्वाचा वर्षाव करीपर्यंत. हे होशेय 10:12. यिर्मयाने तेच म्हटलं आणि जोडलं: काट्यांत पेरू नका. मनाची मशागत हा शब्द आपण सहज वापरतो, पण मशागत पाहिलेल्या माणसाला दोन गोष्टी माहीत असतात. एक म्हणजे पडीक रान नांगरलेल्यापेक्षा सुंदर दिसतं. त्यावर गवत असतं, रानफुलं असतात. नांगर फिरला की ढेकळं वर येतात, मुळं उघडी पडतात, सगळं ओरबाडल्यासारखं होतं. खरा पश्चात्ताप सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे आयुष्य बिघडल्यासारखं वाटतं ते म्हणूनच. आणि ते बिघाड समजून माणसं नांगर सोडून देतात. दुसरी गोष्ट: नांगरट म्हणजे पाऊस नव्हे. शेतकरी ढगांना आणू शकत नाही. पण पडीक जमिनीवर पाऊस पडला तर काटेच तरारतात. कुणी विचारतं, एवढं सगळं केलं तरी प्रार्थना कोरडी का? कारण तुम्ही नांगरलंय, पाऊस अजून यायचाय. होशेयाच्या वाक्यात ते "करीपर्यंत" आहे, तिकडे लक्ष द्या. त्या मधल्या काळात शोधत राहायचं असतं.

नांगर म्हणजे व्यवहारात काय? माझ्यासमोर बसलेल्या माणसाला मी पहिली गोष्ट ही विचारतो: "मी पाप केलं" म्हटल्यावर पुढे तुम्ही काय मागता? हा प्रश्न मी शास्त्रातल्या तीन माणसांकडून शिकलो. मिसरचा राजा फारो गारांच्या मारात म्हणाला, या वेळी मी पाप केलं; आणि गारा थांबवायला सांगितल्या. शौल राजा शमुवेल संदेष्ट्याला म्हणाला, मी पाप केलं, पण माझ्या लोकांच्या वडिलांसमोर माझा मान राख. दावीद राजाला नाथान संदेष्ट्याने "तो माणूस तूच" म्हणून पकडलं, तेव्हा तोही तेच म्हणाला, मी पाप केलं. आणि 51व्या स्तोत्रात मागितलं काय? मला तुझ्यासमोरून घालवू नकोस, तुझा पवित्र आत्मा माझ्यापासून काढून घेऊ नकोस. तिघांचं पहिलं वाक्य सारखंच आहे. दुसऱ्या वाक्यात ते वेगळे होतात. एकाला त्रास थांबायला हवा, दुसऱ्याला अब्रू हवी, तिसऱ्याला देव हवा. प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो त्या दोन दुःखांत, देवाच्या इच्छेप्रमाणे झालेल्या आणि जगाच्या, फरक दुःखाच्या खोलीचा नाही. येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताचं दुःख येशूला नाकारणाऱ्या पेत्रापेक्षा उथळ होतं असं मला वाटत नाही. ते देवाकडे गेलं नाही, याजकांकडे जाऊन तिथेच आपटलं.

तेव्हा आज रात्री बसा आणि स्वतःला विचारा: या सवयीबद्दल मला नेमकं काय जायला हवंय? सवय, की सवयीनंतरची ती घाणेरडी भावना? उत्तर "भावना" असलं तर तसंच देवाला सांगा. पुढे बिशप झालेल्या ऑगस्टीनने तरुणपणी केलेली प्रार्थना प्रसिद्ध आहे: मला शुद्धता दे, पण इतक्यात नको. लोक तिला हसतात. मला ती त्याच्या बदलाची सुरुवात वाटते, कारण आपल्याला खरं काय हवंय ते त्याने निदान बोलून दाखवलं.

यानंतर नाव घेणं. "माझ्याकडून काही चुकलं असेल तर" हे वाक्य प्रार्थनेतून कायमचं काढून टाका. 32व्या स्तोत्रात दावीद म्हणतो, मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली. गप्प राहणं म्हणजे न बोलणंच असं नाही. मोघम बोलणं हेही गप्प राहणंच आहे, आणि आम्ही उपदेशक त्यात विशेष तरबेज असतो. पापाचं जे नाव शेजाऱ्याने केल्यावर आपण घेतो, तेच नाव आपण केल्यावर घ्यायचं. शेजारी खोटं बोलतो आणि मी परिस्थिती सांभाळून घेतो, असं चालत नाही.

इथे तुमचा कंस येतो. इतकी वर्षं लोकांचं ऐकल्यावर माझा एक अंदाज झाला आहे, नियम नव्हे: माणूस जे पाप ठळक अक्षरात सांगतो त्यापेक्षा कंसातलं पाप जास्त अडवून धरतं. ठळक पापावर तो रोज लढत असतो, निदान तिथे झटापट तरी चालू असते. कंसातल्याशी त्याने तह केलेला असतो. जुनं झालं, म्हणतो. पण लेवीयात, 6व्या अध्यायात, अगदी याच गोष्टीवर नियम आहे. पैशाच्या किंवा ठेवीच्या बाबतीत शेजाऱ्याशी खोटं वागलेल्या माणसाने पूर्ण मुद्दल परत करायचं, वर पाचवा हिस्सा घालायचा, आणि हे दोषार्पण (दोषाबद्दल देवाला वाहायचा बळी) आणायच्या दिवशीच मालकाच्या हातात द्यायचं. किती वर्षांनी जुनं होतं ते तिथे लिहिलेलं नाही. येशूच्या काळातला जकातदार जक्कय तर पाचव्या हिश्शावर थांबला नाही. मेंढरू चोरून कापणाऱ्याला निर्गमात चौपट भरपाई सांगितली आहे. त्याने तो दर स्वतःला लावून घेतला. येशूने मागितलं नव्हतं. येशू फक्त त्याच्या घरी उतरायला आला होता. हा क्रम लक्षात ठेवा: जक्कयाने आधी पैसे फेडले आणि मग येशू आला, असं झालेलं नाही.

आता माझी पितळी वर्षं. पाळकपणाच्या सुरुवातीच्या काळात मी एका समितीवर होतो. हिशेबात चूक निघाली. चूक माझी होती आणि ठपका दुसऱ्यावर आला. बैठकीत मी गप्प बसलो; आपण बोललो तर कामाचं नाव खराब होईल, असं मनाला समजावलं. पुढची दोन वर्षं मी चांगले उपदेश केले. 51व्या स्तोत्रावर एक केला, लोक रडले. एकट्याने प्रार्थनेला बसलो की मात्र पाच मिनिटांत उठावंसं वाटे. मी उपास केले, पहाटे उठलो, वाचनाची पद्धत बदलली. सगळं बदलून पाहिलं, त्या माणसाकडे जाणं सोडून. शेवटी गेलो, कारण मत्तयाचा 5वा अध्याय शिकवायची पाळी आली आणि "तुझं अर्पण तिथेच ठेव, आधी जा" हे वाक्य तोंडातून निघेना. त्याला सांगितलं. त्याने मला मिठी वगैरे मारली नाही. म्हणाला, "तेव्हा बोलला असतास तर बरं झालं असतं." समितीलाही मी पत्र लिहून कळवलं. आमचं नातं पूर्वीसारखं झालं नाही, आजही नाही. पण त्या रात्री प्रार्थनेला बसलो तेव्हा मला लपवायला काही नव्हतं, आणि शांततेत बसायला मी किती वर्षं घाबरत होतो ते मला तेव्हा कळलं.

जाताना दोन पथ्यं पाळा. कारणं सांगू नका. "त्या वेळी माझी अडचण होती" एवढं जरी जोडलंत तरी माफी मागणं संपून वकिली सुरू होते. आणि क्षमा वसूल करायला जाऊ नका. भावाला वेळ लागू शकतो, तो त्याचा हक्क आहे. पापाचं वर्तुळ जेवढं, कबुलीचं वर्तुळ तेवढं, हेही ध्यानात ठेवा. मनातल्या मनात कुणाचा हेवा केलात म्हणून त्या माणसाला जाऊन सांगण्यात बहुतेक वेळा आपलं ओझं त्याच्या डोक्यावर टाकणंच असतं. ते देवाला सांगा. पैसे भावाचे होते, म्हणून भावाकडे.

सवयीबद्दल थोडं. शमुवेलाने लोकांना "मन परमेश्वराकडे लावा" म्हणायच्या आधी म्हटलं, परके देव आणि अष्टारोथ (देवीच्या मूर्ती) आपल्यामधून काढून टाका. ते काढणं हाताने करायचं होतं. तुमची सवय कोणत्या वेळी, कोणत्या खोलीत, हातात काय असताना येते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती वस्तू, ती वेळ, तो एकटेपणा बदला, आणि एका विश्वासू माणसाला नाव घेऊन सांगा. याकोब एकमेकांजवळ पापं कबूल करा म्हणतो ते उगाच नाही. "आता कधीच नाही" अशा शपथा घेऊ नका. त्या मोडल्या की खोटेपणाचं आणखी एक ओझं चढतं.

आणि मोजायचंच असेल तर एक गोष्ट मोजा: पडणं आणि वळणं यांत किती वेळ जातो. पडल्यावर बरेच जण दहा-पंधरा दिवस देवापासून दूर राहतात, तोंड दाखवायला लाज वाटते म्हणून. मला विचाराल तर ती लाज नम्र नाही. ती हप्त्याने केलेली फेड आहे: थोडे दिवस शिक्षा भोगतो, मग हक्काने येतो. येशूच्या दृष्टांतातल्या उधळ्या मुलाने घरी परतताना वाटेत भाषण तयार केलं होतं आणि त्यात शेवटचं वाक्य होतं, मला तुमच्या मोलकऱ्यांसारखं ठेवा. बापाने त्याला तिथपर्यंत पोचूच दिलं नाही. अंगरखा आणायला सांगितला. त्या पंधरा दिवसांत तुम्ही तेच मोलकऱ्याचं वाक्य घोकत असता, आणि सवय तेवढ्यात पुन्हा मूळ धरते. पडलात त्याच तासाला वळा. अंग मळलेलं असतानाच.

ज्यांना हे उलट्या बाजूने लागतं अशांसाठीही लिहायला हवं. काही माणसं इतकी कुरतडत बसतात की नांगर थांबतच नाही; जमीन खणून खणून विहीर होते. कबूल केलेलं पाप पुन्हा पुन्हा कबूल करतात, नीट केलं का याची शंका, मग त्या शंकेचीही कबुली. यातून झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर पाळकाबरोबर डॉक्टरांनाही भेटा, आणि लवकर भेटा. तो विश्वासाचा पराभव नाही. काही जण दुसऱ्याने त्यांच्यावर केलेल्या अन्यायाचा पश्चात्ताप करायला येतात. त्यांना मी थांबवतो. ते तुमचं पाप नाही, त्यातून वळायचं दुसऱ्याला आहे.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर या कुरतडण्यातून गेला होता. 1517 सालच्या त्याच्या 95 विधानांपैकी पहिलंच असं आहे की येशूने पश्चात्ताप करा म्हटलं तेव्हा विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं असं त्याला हवं होतं. ऐकायला भयंकर वाटतं. पण पुढच्याच वर्षी, 1518 मध्ये, त्याने आपला वरिष्ठ श्टाउपिट्झ याला लिहिलं की शास्त्रात याच्याइतका कडू शब्द मला दुसरा नव्हता आणि आता याच्याइतका गोड दुसरा नाही. बदल झाला कशाने? श्टाउपिट्झने त्याला सांगितलं होतं की खरा पश्चात्ताप देवाच्या आणि नीतिमत्त्वाच्या प्रेमापासून सुरू होतो; इतर लोक ज्याला शेवट मानतात ती खरी सुरुवात आहे. पौलही रोमकरांना तेच विचारतो: देवाची ममता तुला पश्चात्तापाकडे नेत आहे हे तुला कळत नाही का? भीतीने माणूस पापापासून लांब पळेल, पण पळणारा कुठेही जाऊ शकतो. घराकडे वळायला घरात कुणीतरी वाट पाहतंय हे माहीत असावं लागतं.

ऑगस्टीन 430 साली मरणाला टेकला होता. तोवर तो तीस वर्षांहून अधिक काळ बिशप होता. त्याने दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रं लिहवून बिछान्यासमोरच्या भिंतीवर लावून घेतली आणि शेवटचे सुमारे दहा दिवस ती वाचत, रडत काढली. हे मी तरुणपणी वाचलं तेव्हा वाईट वाटलं होतं, एवढ्या सेवेनंतर बिचाऱ्याला खात्री नव्हती म्हणून. आता तसं वाटत नाही. ज्याला भेटायला निघालो त्याच्याकडे तोंड करून पडून राहायचं, एवढंच त्याला करायचं होतं.

राहिला रविवारचा प्रश्न. पौल करिंथकरांना लिहितो, माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी, त्या प्याल्यातून प्यावं. आपल्या मनात हे वाक्य कसं कोण जाणे "परीक्षा करावी आणि लांब राहावं" असं बसलं आहे. तिथे तसं लिहिलेलं नाही. परीक्षा मेजाकडे नेण्यासाठी आहे. उत्तरेकडून आलेले ते लोकही शेवटी वल्हांडण खायलाच आले होते, आणि खाऊनच परत गेले. तेव्हा सवय अजून सुटली नाही म्हणून घरी बसू नका. भावाची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे "आधी जा" असं स्पष्ट सांगितलेलं आहे. त्यातही पुढे "मग ये" आहेच. रविवारला अजून चार दिवस आहेत. मुद्दल किती होतं ते आठवा, पाचवा हिस्सा मिळवा, आणि भावाला फोन शनिवारच्या आत करा.